खरं उत्तर, बरोबर उत्तर

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या घरात देवघराच्या खालोखाल मान कशाला असेल तर तो जनरल नॉलेजला. त्याला सामान्यज्ञान असा मराठी शब्द आहे खरा. पण ज्यानं तो केला त्याला एकतर सामान्य म्हणजे काय ते ठाऊक नसावं, किंवा ज्ञान म्हणजे काय ते. मंगोलियाची राजधानी माहीत असणं यात सामान्य ते काय? आणि 'उलानबातर' असं ओरडून सांगितल्यावर नेमकं कसलं ज्ञान झालं, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. तरीपण आमच्या लहानपणी घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट पोटात गेला की पोरांकडे वळायचा आणि "काय रे, सांग पाहू" अशी सुरुवात करायचा. बिस्किटाचा पुडा कधी आणत, कधी विसरत. प्रश्न मात्र न चुकता घेऊन येत. उत्तर आलं तर "हुशार आहे हो" हे आईला उद्देशून, नाही आलं तर "हल्लीच्या शाळांत शिकवतात काय कोण जाणे" हे वडिलांना उद्देशून. आमच्याशी थेट बोलायचा प्रश्नच नव्हता.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. पाहुण्याला प्रश्न विचारायची सोय नव्हती. तो स्वतःला येणारा प्रश्न निवडून आणायचा, आपल्याला न येणारा विचारायचा आणि वर हुशार ठरायचा. उत्तर खिशात असलं की कुणीही ज्ञानी दिसतो, ही गोष्ट मी तिथं शिकलो आणि पुढं बँकेत तिचा फार उपयोग झाला.

मी कॉमर्सचा माणूस. आमच्या शास्त्रात सत्याची व्याख्या सोपी आहे. डावीकडची बेरीज उजवीकडच्या बेरजेशी जुळली की झालं सत्य. मध्ये एक चूक तेवढ्याच दुसऱ्या चुकीनं झाकली गेली असेल तरी तेरीज जुळते, आणि जुळलेल्या तेरजेकडे वाकड्या नजरेनं बघण्याची आमच्यात रीत नाही. गेली वीसेक वर्षं मी बँकेत लिपिक आहे. २०२४ च्या करारानंतर आम्हांला लिपिक न म्हणता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं ठरलं. पण काउंटरपलीकडचा खातेदार अजून "ओ भाऊ" असंच म्हणतो, तेव्हा फार फरक पडला आहे असं नाही. अशा माणसानं सत्य म्हणजे काय वगैरे भानगडीत पडू नये. पण मी उलव्याला राहायला आलो, आणि पडलो.

त्याआधी त्या पाहुण्यांचं पुढं काय झालं ते सांगतो. त्यांची जात रेडिओवर गेली. १९७२ साली हमीद सायानींनी 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट' सुरू केली. १९७५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे धाकटे बंधू अमीन सायानी यांनी ती पुढं चालवली. तिकडे कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्येच जाहीर क्विझ भरवली होती, आणि त्यांचे चिरंजीव डेरेक यांनी नव्वदच्या दशकात बोर्नव्हिटाची स्पर्धा टीव्हीवर आणली. मधल्या काळात, १९८५ साली, दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला. या सगळ्यांत प्रश्न विचारणारा माणूस चांगला कोट घालून यायचा आणि चहा मागायचा नाही, ही मोठीच सुधारणा होती.

मग ३ जुलै २००० ला अमिताभ बच्चन आले आणि आमच्या घरातली सत्ता उलटली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे नावाचा सत्तावीस वर्षांचा मुंबईकर एक कोटी रुपये जिंकला. मराठी! सनदी परीक्षांचा अभ्यास करणारा! मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. वडिलांनी दुसऱ्या दिवशी एक जाडजूड इयरबुक माझ्यासमोर आपटलं आणि फक्त "नवाथे" एवढंच म्हणाले. पुढं या नवाथ्यानं परदेशी जाऊन व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि शहाण्यासारखी नोकरी धरली, तेव्हा वडील हिरमुसले. "कोटी मिळाल्यावर नोकरी?" मला मात्र तो माणूस तेव्हा खरा आवडला. २०११ साली बिहारच्या सुशील कुमारांनी पाच कोटी जिंकले, आणि त्यानंतरचे दिवस आयुष्यातले सगळ्यांत वाईट गेले असं पुढं स्वतःच जाहीर लिहिलं. आणि २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांची खिचडी शिजवून महिन्याला दीड हजार मिळवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या. काय हवंय असं विचारलं तर म्हणाल्या, मोबाइल. घरात एकच होता. इयरबुक वाचलेल्या माझ्या पिढीला हे उत्तर सुचलं नसतं.

असो. उलव्याकडे येतो.

उलवे तुम्हांला नकाशात सापडेल की नाही हे नकाशा कुठल्या सालचा आहे त्यावर अवलंबून आहे. तालुका पनवेल, जिल्हा रायगड. पण १९८१ पूर्वीच्या नकाशात जिल्हा कुलाबा. शेजारी सुमारे नव्वद मीटर उंचीचा डोंगर होता, तो विमानतळासाठी कापून सपाट केला. उलवे नदी होती, तिला वळवली. २०१८ साली रेल्वे खारकोपरपर्यंत आली, २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत गेली, त्याच महिन्यात अटल सेतू सुरू झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे ज्या गावात डोंगर आणि नदीसुद्धा जागेवर राहत नाहीत, तिथं गाइडातली उत्तरं जागेवर राहतील अशी अपेक्षा करणंच धाडसाचं. ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी केली.

झालं असं की गणपतीत यंदा संगीत खुर्चीऐवजी मुलांची प्रश्नमंजूषा घ्यावी असा ठराव आला. त्याचं कारण आमच्याच सेक्टरात राहणारे एक गृहस्थ. हे एकेकाळी टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत अजिंक्य ठरलेले. बक्षिसात मिळालेला टीव्ही अजून हॉलमध्ये आहे. तो लागत नाही, पण त्याच्यावर गणपती छान बसतो. हे नोकरी सांभाळून गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून मुलांच्या स्पर्धा भरवतात. मानधन विचारलं तर रिक्षाभाडं सांगतात, आणि तेही एका बाजूचंच, कारण परत येताना मुलांशी बोलत चालत येतात. मी त्यांना एकदा विचारलं, "सर, या असल्या माहितीचा उपयोग काय हो? सगळं मोबाइलवर आहे." ते म्हणाले, "अहो, जेवण हॉटेलात मिळतं म्हणून भूक लागायची थांबते का?" आणि मग जरा वेळानं: "उत्तर जिभेच्या टोकावर येतं ना, तो क्षण. तो प्रत्येक पोराला एकदा तरी मिळायला पाहिजे. पुढं मग नोकरीबिकरी आहेच." मी वीस वर्षं नोकरी केलेली असल्यामुळं यावर काही बोललो नाही.

तर या अजिंक्यवीरांनी एक अट घातली. इमारतीतली काही मुलं रविवारी त्यांच्याकडे येऊन बसतात. तेव्हा प्रश्न आपण काढणार नाही, कमिटीनं काढावेत, आपण फक्त विचारू. आता याला तुम्ही सचोटी म्हणाल, मीही म्हणतो. पण एका माणसाची सचोटी दुसऱ्याला काम लावते, आणि ते काम सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी काटकसरी. त्यांनी मोठ्या मुलाचं जुनं गाइड माळ्यावरून काढलं. त्यात सूर्याभोवती नऊ ग्रह फिरत होते, महाराष्ट्रात पस्तीस जिल्हे होते. प्लूटोला २००६ साली ग्रहांतून काढलं आणि २०१४ साली पालघर झाला, याची त्या गाइडाला दाद नव्हती. सुदैवानं हे दोन्ही प्रश्न निवडले गेले नाहीत. निवडला गेला तो तिसराच.

अंतिम फेरीत दोघं उरली होती. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली एक मुलगी आणि बी विंगमधला तिच्याच वर्गातला एक मुलगा. पहिलं बक्षीस गिअरची सायकल. दुसरं बक्षीस, पाण्याची बाटली. ही दोन बक्षिसं ज्यानं ठरवली त्याला मुलांची मानसिक तयारी करायची असावी. मी वेळाधिकारी होतो, म्हणजे मोबाइलवर सेकंद मोजत होतो. गुण समान. शेवटचा प्रश्न. सरांनी कागद उलगडला, वाचला आणि क्षणभर थांबले. ते का थांबले ते मला नंतर कळलं.

"भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?"

मुलीनं घंटी दाबली. "कोणताच नाही."

मांडवात हशा पिकला. सेक्रेटरींनी कागदावर फुली मारून "चूक!" असं जाहीर केलं, मुलानं "हॉकी!" म्हणून घोषणा केली, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या न वाजवणारी माणसं दोनच होती: ती मुलगी आणि सर.

सरांनी माइक हातात घेतला. म्हणाले, तिचं बरोबर आहे. २०१२ साली लखनौच्या दहा वर्षांच्या एका मुलीनं माहितीच्या अधिकारात हाच प्रश्न सरकारला विचारला होता. क्रीडा मंत्रालयानं कळवलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. २०२० साली आपल्या धुळ्याच्या एका शिक्षकांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

"पण कागदावर हॉकी आहे," सेक्रेटरी म्हणाले.

यानंतर जी चर्चा झाली ती ऐकून आरतीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या आजींनी तबक खाली ठेवलं. मुलाचे वडील म्हणाले, माझ्या पोरानं पाठ केलंय, आम्ही लहानपणी हेच लिहून मार्क मिळवलेत, आता मध्येच काय बदलता? खजिनदार म्हणाले, निम्मे निम्मे द्या. (खजिनदारांचा कुठल्याही वादावर हाच तोडगा असतो, पार्किंगच्या वादातही त्यांनी हेच सुचवलं होतं.) कुणीतरी मोबाइलवर शोधलं, तर दोन्ही बाजूंना पुरतील इतके पुरावे निघाले. शेवटी सरांनी निर्णय दिला: प्रश्नच चुकीचा आहे, दोघांचेही गुण रद्द, नवा प्रश्न. नवा प्रश्न होता अटल सेतूच्या लांबीचा. एकवीस पूर्णांक आठ दशांश किलोमीटर. दोघांनाही येत होतं. मुलाचा हात आधी पडला.

सायकल बी विंगला गेली.

आरतीनंतर ती मुलगी पाण्याची बाटली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. रडत नव्हती, रडली असती तर बरं झालं असतं, मला पेढा देऊन सुटता आलं असतं. म्हणाली, "काका, हॉकी मला पण माहीत होतं."

"हो?"

"आणि कागदावर तेच असणार हेपण. सेक्रेटरीकाकांचं गाइड मी बघितलंय. मी हॉकी म्हटलं असतं तर मला सायकल मिळाली असती ना?"

मी वेळाधिकारी. खोटं बोलायला मला सेकंदही मिळाले नाहीत. "मिळाली असती," म्हटलं.

"मग पुढच्या वेळी खरं उत्तर द्यायचं, की बरोबर?"

आता वाचकहो, आपल्या भाषेची गंमत बघा. एरवी हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. 'खरं आहे', 'बरोबर आहे', कुठलंही म्हणा. पण त्या पोरीनं दोघांच्या मध्ये एक सायकल उभी केली, आणि दोन अर्थ दोन बाजूंना झाले. बरोबर म्हणजे समोरच्याच्या कागदाशी जुळणारं. खरं म्हणजे कागद नसला तरी असणारं. माझा सगळा जन्म पहिल्या शब्दात गेलेला.

उदाहरण देतो. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ पासून तो अंगठा टेकवून डिजिटलही देता येतो. पण सत्तरी-पंचाहत्तरीपर्यंत काम केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र म्हणतं जुळत नाही. समोर आजोबा उभे असतात. खोकत असतात, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात. यापेक्षा हयातीचा आणखी पुरावा काय हवा? पण यंत्रात ते हयात नसतात. मी म्हणतो, "आजोबा, तुम्ही आहात हे खरं आहे, पण अजून बरोबर झालेलं नाही." आणि मग डोळ्यांची बुबुळं, कागदी फॉर्म, सही, असं करत करत त्यांना जिवंत करून घ्यावं लागतं. हे काम करताना मी हसत असलो तरी एक गोष्ट मला पटलेली आहे: कागद नको असं म्हणून चालत नाही. उद्या मी चेहरा बघून पेन्शन द्यायला लागलो, तर ज्यांचा चेहरा मला आवडतो तेवढेच लोक हयात राहतील.

म्हणून त्या मुलाच्या वडिलांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्या पोरानं काय गुन्हा केला होता? जे पुस्तकात दिलं ते त्यानं इमानानं पाठ केलं. त्याला चूक शिकवली ती मोठ्यांनी, आणि गुण कापायचे त्याचे? २०२४ च्या नीट परीक्षेत नेमकं हेच झालं. अणूवरच्या एका प्रश्नात जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे एक पर्याय येत होता, नव्याप्रमाणे दुसरा. परीक्षा घेणाऱ्यांनी दोघांनाही गुण दिले, म्हणजे आमच्या खजिनदारांसारखाच विचार केला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सरन्यायाधीशांनी दिल्लीच्या आयआयटीला तज्ज्ञ नेमायला सांगितलं, तज्ज्ञांनी एकच पर्याय खरा असं कळवलं, आणि चार लाखांहून अधिक मुलांचे गुण घटले. जुन्या पुस्तकातलं वाक्य त्यांनी वाचलं होतं, समजून घेतलं होतं, आणि ते सरकारमान्य पुस्तकातलं होतं. शास्त्राच्या बाजूनं निकाल योग्यच आहे. पण त्या चार लाखांत आपला मुलगा असता तर शास्त्राबद्दल आपण काय बोललो असतो, ते छापता येणार नाही.

त्या परीक्षेत उत्तरसूचीवर आक्षेप घेता येतो, हे एक बरं आहे. फी प्रत्येक प्रश्नाला दोनशे रुपये. परत मिळत नाही. सत्याला एवढा ठरावीक दर आमच्या बँकेतही नाही.

दुसरी बाजू अशी, की बक्षिसासाठी माहीत असलेलं उत्तर गिळायचं ठरवलं, तर माणसाचं काय होतं याचंही उदाहरण आहे. १९५६ साली अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाची टीव्हीवरची प्रश्नमंजूषा होती. तिच्यात हर्बर्ट स्टेम्पल नावाचा गृहस्थ जिंकत होता. आयोजकांना आता नवा, देखणा चेहरा हवा होता. त्यांनी स्टेम्पलला हरायला सांगितलं. आणि हरण्याचा प्रश्न कोणता? १९५५ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कुणाला. उत्तर होतं 'मार्टी'. तो चित्रपट याचा अत्यंत आवडता, पुन्हा पुन्हा पाहिलेला. ते नाव ओठांवर असताना त्याला सबंध देशासमोर दुसरंच नाव घ्यावं लागलं. त्याची जागा घेणारे चार्ल्स व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठात शिकवायचे. त्यांना उत्तरं आधी मिळत. त्यांनी एक लाख एकोणतीस हजार डॉलर जिंकले, आणि २ नोव्हेंबर १९५९ ला काँग्रेसच्या समितीपुढं सगळं कबूल केलं. विद्यापीठ सुटलं. पुढं कित्येक वर्षं त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात काम केलं. उत्तरं आधी मिळाल्याबद्दल बदनाम झालेला माणूस उत्तरांच्या कोठारातच नोकरीला लागला, हे मला फार आवडतं. पण मला वाईट वाटतं ते स्टेम्पलचं. खोटं उत्तर देणं एक वेळ समजू शकतं. आपल्या आवडत्या गोष्टीचं नाव माहीत नाही असं सोंग करणं, हे काही साधं नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं नाही. तेराव्या वर्षी अमेरिकेची उदाहरणं लागू पडत नाहीत. तिला मी वेताळाची गोष्ट आठवून दिली. विक्रमाची अडचण तीच होती की. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन. विक्रम दर वेळी बोलला, आणि दर वेळी बक्षीस खांद्यावरून उडून झाडाला लटकलं.

"मग त्यानं काय केलं?"

"परत झाडाकडे गेला."

"म्हणजे परत बसायचं?" तिचा चेहरा पडला. पुढच्या वर्षीचं पहिलं बक्षीस सायकल नसून कॅरम आहे हे तिला ठाऊक होतं.

सरांशी मात्र मी याविषयी भांडलो. प्रश्न रद्द करण्यानं कुणावर अन्याय झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, झाला. ती खरं बोलली आणि तिला त्याचे शून्य गुण मिळाले. प्रश्न चुकीचा होता हे दाखवणं, हेच त्या प्रश्नाचं खरं उत्तर नव्हतं का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बँकवाले, मी तिला दहा गुण दिले असते तर त्या पोराला काय शिकवलं असतं? की प्रामाणिकपणे पाठ केलेलं रातोरात बुडतं. स्पर्धेत चूक झालीच, तर ती सगळ्यांना सारखी वाटून द्यायची. यालाच आपल्याकडे न्याय म्हणतात." आणि वर: "ती रविवारी माझ्याकडे येते, हे विसरू नका. मी तिच्या बाजूनं निर्णय दिला असता तर बी विंग काय म्हणाली असती?"

यावर मी यक्षाचा दाखला काढला. आपल्याकडची सगळ्यांत मोठी प्रश्नमंजूषा ती. चार भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेत, पाचवा उत्तरं देतोय. आणि शेवटी कळतं काय, तर प्रश्न विचारणारा यक्ष म्हणजे साक्षात धर्म, स्पर्धकाचा बाप! आजच्या काळी असतं तर बी विंग थेट हायकोर्टात गेली असती. पण त्या सगळ्यात एकही प्रश्न असा नाही की ज्याचं उत्तर कागदावर लिहून पाकिटात घालता येईल. शेवटचा तर नाहीच. एकाच भावाला उठवतो, कुणाला उठवू? भीम म्हणाला असता तर चाललं असतं, अर्जुन म्हणाला असता तर व्यवहाराचंच झालं असतं. युधिष्ठिर म्हणाला नकुल; कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असू दे. हे उत्तर ऐकेपर्यंत यक्षालाही ते ठाऊक नव्हतं, असं आपलं माझं मत आहे.

सर हसले. म्हणाले, "आमच्याकडे तसं भांडायची सोय असलेली स्पर्धा आहे." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ सालचं. विज्ञानाच्या ऑलिंपियाडांसाठी आपली मुलं तिथं निवडतात, तयार करतात. १९९६ साली गणिताचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत झालं, २००१ साली रसायनशास्त्राचं, २०१५ साली भौतिकशास्त्राचं. या स्पर्धांत मुलांनी पेपर लिहिला की काम संपत नाही. प्रत्येक देशाचे मार्गदर्शक तपासनिसांसमोर बसतात आणि गुणांवरून रीतसर वाद घालतात: आमच्या मुलानं तुमच्या रीतीनं नाही सोडवलं, पण हे बघा, इथं युक्तिवाद आहे. पटलं तर गुण वाढतात. म्हणजे कागद आहे, तो सगळ्यांना सारखा आहे, आणि तरी त्याच्याशी बोलता येतं. मी म्हटलं, हे आमच्या बँकेत का नाही? सर म्हणाले, तुमच्याकडे पैसे असतात.

पुढच्या कमिटीत सरांनी सुचवलं की नियमावलीत 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' याच्याखाली 'कारण सांगून आक्षेप घेता येईल' अशी ओळ घालावी. सेक्रेटरींनी लगेच पन्नास रुपये फी सुचवली. गेटला रंग द्यायचा राहिला आहे. खजिनदार म्हणाले, पंचवीस.

ठराव अजून व्हायचा आहे. पण परवा रविवारी मी खाली उतरलो तर जिन्याच्या पायरीवर ती मुलगी आणि तो मुलगा सेक्रेटरींचं गाइड मध्ये घेऊन बसलेले. सायकल भिंतीला टेकलेली. मुलीच्या हातात पेन्सिल. शिळ्या झालेल्या उत्तरांवर खुणा चालल्या होत्या. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर एका पानावर सापडल्यामुळे दोघं खूश होती. मुलगा मात्र हॉकीच्या पानावर अडून बसला होता. त्याचं म्हणणं, जाहीर केलेला नाही म्हणजे काय? आठ सुवर्णपदकं मिळवून दिली ऑलिंपिकमध्ये. मग जाहीर का केलेला नाही, हे कुणी विचारलंय का? मला म्हणाला, "काका, तो माहितीचा अर्ज कसा करतात?"

मी सांगितलं, साध्या कागदावर. फी दहा रुपये.

"बरंय की," तो म्हणाला. त्याचा थोरला भाऊ नीटला बसलाय. "दादानं एका प्रश्नाचे दोनशे भरले."